एका पानाचे वैर

हेमंताचे ऊन कोयनेच्या खोऱ्यात उशिरा उतरते. आधी डोंगरांच्या निळ्या खांद्यांवर, मग जलाशयाच्या निश्चल पोलादी पाठीवर, आणि सर्वांत शेवटी धरणाच्या वसाहतीतल्या बुटक्या घरांवर. मंद, मवाळ, मधाळ.

मंदाकिनी इंगवलेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या उन्हाचा नुसता उजेड येई. त्या उजेडात, ओंजळीएवढ्या कुंडीत, पेपरोमियाचे एक रोप होते. वीतभर उंच, मांसल पानांचे. साध्या हिरव्या रोपांत ते आपसूक निपजले होते आणि कुणाचेच नव्हते असे त्याचे रूप होते: पानांवर रुपेरी रेषा, कडांना डाळिंबी झाक, पाठीला मद्यवर्णी सावली.

फार काही मागत नसे ते. आठ दिवसांनी बोट मातीत खुपसावे, पेरभर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. ओल्या कापसाने पाने पुसावीत. कडक ऊन टाळावे. बालवाडीत शिकवून दमून आलेली मंदाकिनी एवढेच करी, आणि एवढ्यानेच निवत जाई.

आश्विनात कराडहून निरोप आला. आईने अंथरूण धरले होते. निघताना मंदाकिनीने कुंडी शेजारच्या चारुशीला करमरकरच्या हाती दिली. दोघींची मैत्री अकरा वर्षांची, मधल्या भिंतीइतकीच जवळची.

"पाणी कमी घाल हं चारू. जास्त झालं तर कुजतं."

"तू निर्धास्त जा गं."

दोन महिन्यांनी, आईला अखेरचा निरोप देऊन, रित्या डोळ्यांनी मंदाकिनी परतली. चारुशीलाने तिला कवेत घेतले, रडली, आणि रडता रडता म्हणाली, "तुझं ते झाडही गेलं गं. कुजलं मुळाशी."

मंदाकिनीने त्या दिवशी दोघांचे अश्रू एकदमच ढाळले. आईचे आणि झाडाचे.

त्या वर्षी वसाहतीच्या क्लबातल्या वनस्पती-प्रदर्शनाला ती गेली नाही. पण संक्रांतीनंतर चारुशीलाकडे हळदीकुंकू होते, आणि मैत्रीला नाही म्हणवेना.

बैठकीत, काचेच्या कपाटावर, ते होते. रजतरेखांकित, रक्तकिनारी, जिवंत. शेजारी चांदीरंगी चषक, आणि पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरे: प्रथम क्रमांक. नवीन प्रकार. नाव, 'चारुशीला'.

आजूबाजूला बांगड्या किणकिणत होत्या, अत्तर दरवळत होते, तिळगूळ वाटला जात होता. मंदाकिनीच्या आत कुठेतरी एक शुभ्र, शांत ज्वाला उभी राहिली. धूर नसलेली, थरथर नसलेली. कुंकू लावून घ्यायला ती वाकली, उठली, आणि उठता उठता तिच्या नखांनी एक पान देठासकट खुडले. आपलेच पान, चोरासारखे, पदराच्या घडीत.

घरी येऊन तिने पान मधोमध कापले. दोन्ही अर्धी ओल्या वाळूत रोवली. मग ती वाट पाहत राहिली, जशी नागीण वाट पाहते. श्वास रोखून, डोळे न मिटता.

फाल्गुनात कापल्या कडेला राईएवढी पाने फुटली. त्यांची रोपे झाली. रोपांची पाने कापली, त्यांचीही रोपे झाली; रंग कुठेच उतरला नाही. खिडकी भरली, न्हाणीघराचा कट्टा भरला, पलंगाखालची जागा तेवढी उरली. ती मोजून पाणी देत होती, मायेने नव्हे. कापूस फिरवत होती, धार लावावी तसा. प्रत्येक कोवळ्या पानात तिला तो पुठ्ठा दिसे, आणि ती ओठ आवळून हसे.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिने वसाहतीतले एकेक दार वाजवले. एकतीस घरे, एकतीस कुंड्या.

"घ्या ना. फार काही करावं लागत नाही. आठवड्याला घोटभर पाणी. आणि प्रदर्शनात मांडा हं."

एकच दार तिने वगळले.

प्रदर्शनाच्या सकाळी क्लबाची लांब मेजे डाळिंबी झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच पान, तीच रेषा, तीच किनार. आणि मधोमध, उंच पितळी कुंडीत, 'चारुशीला'. परीक्षक क्षणभर थांबले. "हे तर इथे घरोघरी दिसतंय," ते म्हणाले, आणि पुढच्या शेवंतीकडे वळले.

चारुशीलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. गर्दीतून वाट काढत ती मंदाकिनीपाशी आली.

"तूच केलंस हे."

"मी?" मंदाकिनीचा स्वर रेशमासारखा मऊ होता. "माझं झाड तर कुजलं होतं ना गं?"

मान खाली घालून, रिकाम्या हातांनी, चारुशीला निघून गेली.

सायंकाळी बायका आपापल्या कुंड्या कडेवर घेऊन हसत परतल्या. मेजे आवरणारे शिपाई जाधवमामा दारात उभ्या मंदाकिनीला म्हणाले, "बाई, ही पितळी कुंडी राहिलीया. कुणाची?"

ते पहिले रोप होते. तिच्या बोटांनी वाढवलेले, तिच्या खिडकीत उमललेले. कुणी पाणी अती घातले होते बहुधा. बुंधा काळवंडला होता, खालची दोन पाने गळून मातीवर पडली होती. क्षणभर तिची बोटे त्या मातीकडे ओढली गेली.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

आणि पायऱ्या उतरून चालू लागली. मागे दिवे एकेक विझत गेले. पुढे पाण्यावर काळोख उतरत होता, थंड, अथांग, तृप्त. आणि त्या काळोखात ती चालत राहिली, मान ताठ, मुठी मिटलेल्या, एकटी.