चौदा वेळा पुसलेलं उत्तर

"बोलणाऱ्यांची काळजी नको करूस. न बोलणारे किती, ते मोज." हा अभ्यासक्रम माझ्या हाती सोपवताना, माझ्याआधी तो शिकवणाऱ्या ताईनं एवढंच सांगितलं होतं. आमचं कॉलेज ऑनलाइन. विद्यार्थी नोकऱ्या सांभाळून आपापल्या सवडीनं चर्चेत लिहितात. सगळ्यांचं वाचून झाल्याशिवाय जेवायचं नाही, हा माझा रोजचा नेम.

ताई वारली, त्याला महिना होतो न होतो तोच चर्चेसाठी नवं साधन निवडायची बैठक लागली. संगणक विभागातला माणूस म्हणाला, "बाई, तुमचा जुना मंच म्हणजे पत्रपेटी. उघडली की हाताला गंज." त्यानं दुसरं ॲप दाखवलं. त्यात लिहायचं नाही, दोन मिनिटं बोलून पाठवायचं. नमुन्यातला आवाज खोलीभर झाला आणि मला ताईचे फोनमध्ये जपून ठेवलेले निरोप आठवले. पहिला हात माझाच वर गेला.

माझ्या वर्गात चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक बाई होती. सगळ्यांत नेटकं तीच लिहायची. प्रवेश घेताना तिनं विचारलं होतं, "मी बोलताना अडखळते. बोलावं लागेल का?" मी कळवलं होतं, "इथं फक्त लिहायचं. शब्द देते." बैठकीत हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

नवं ॲप सुरू झालं आणि दोन आठवडे तिची जागा रिकामी राहिली. तिसऱ्यात तिनं नावच काढून घेतलं. कारण लिहिलं होतं, वेळ नाही. मी ॲपमधली नोंद उघडली. चौदा वेळा बोलायला सुरुवात करून तिनं पुसलं होतं. पंधरावं बहुधा पुसायचं राहिलं. अकरा सेकंद, एकच अक्षर, पुन्हा पुन्हा. मग काच घासायच्या यंत्राची घरघर.

प्राचार्यांकडे गेले, सगळं सांगितलं. ॲप आता वर्षभर बदलता येणार नाही, म्हणाले. मी उठले नाही.

"हात मी वर केला होता, सर. नाव तिचं का कमी व्हावं?"

ते टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले. शेवटी म्हणाले, तिला लिहू द्या. पण अर्ज तिचा हवा, उद्या कार्यालय बंद व्हायच्या आत. फोन करून सांगा.

"ती फोन उचलत नाही, सर."

का, असं विचारता विचारता तेच थांबले.

कार्यालयातून कोरा अर्ज घेतला, घडी पडणार नाही असा वहीत ठेवला. तिच्या दुकानाचा पत्ता उतरवून घेतला आणि कुणाला काही न सांगता जिना उतरू लागले.