चंपाची सही

मैत्रीचा प्रयोगशाळेत एकच हट्ट असे: जे दिसलं नाही, ते वहीत लिहायचं नाही. साहेब रागावले तर रागावू देत! बरोबरीच्या मुली केव्हाच हिंजवडीला आयटीत लागून गाड्या घेऊन मोकळ्या झाल्या. ही बया मात्र सहा वर्षं एका प्लास्टिकच्या फिल्मच्या मागे हात धुऊन लागलेली. फिल्मवर डोळ्यांना न दिसणारे बारीक कण होते. ऊन लागलं की ते डाग खाऊन टाकत.

मार्चात तिनं दोन तुकडे कात्रजच्या घरी आणले. एकावर शाईचा थेंब टाकून तो खिडकीत ठेवला. संध्याकाळी थेंब गायब! नागपूरच्या गिरणीतून रिटायर झालेले तिचे वडील, सुखदेव, बघतच राहिले.

"अरे बाप्पा! धुवायचं कामच नाही?"

"नाही बाबा, फक्त ऊन हवं. डाग खाते ही," एवढं बोलून ती पळाली. नीट समजावून सांगायला हिला सवड कुठली?

घरात तिच्या आईचा, चंपाचा, एक चौकटीतला कागद होता. जन्मभर अंगठा उठवणाऱ्या चंपानं पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन बॉलपेननं केलेली पहिली सही. वर्षभरात ती गेलीच. कागदावर तिच्याच हातच्या हळदीचा डाग होता आणि तो सुखदेवांना फार खुपायचा. मैत्री दिल्लीला गेली तशी त्यांनी काच काढली, दुसरा तुकडा कागदावर ठेवून वरून लाटणं फिरवलं आणि चौकट उन्हाकडे तोंड करून खिडकीत लावली. लेक आली की चकित होईल, म्हणून मध्ये उघडूनही पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी ती परतली तेव्हा ते चौकट मांडीवर घेऊन बसले होते. हळद गेली होती. सहीही गेली होती.

"डागच खाते म्हणालीस ना?"

मैत्रीला रडू आवरेना. "फिल्मला डाग काय नि सही काय, दोन्ही सारखंच, बाबा. मीच सांगायला हवं होतं."

त्यांनी फिल्म सोलून काढली आणि कागदावरून बोट फिरवलं. "तुझी माय पेन लय दाबून लिहायची. चर पडलेत. हा पाह्य, च. बोट ठेव."

तिनं बोट ठेवलं, हळूच फिरवलं, पुन्हा फिरवलं. लाटण्यानं कागद सपाट झाला होता.

"लागला?"

"लागला, बाबा," मैत्री म्हणाली.