मागच्या फाटकाशी

"भाऊजी, हे काय? अख्खा समुद्र घरात आणलात की काय?"

मालजाताई दारातच थांबल्या. सकाळचे पावणेसहा वाजले होते. मी बाह्या कोपरापर्यंत सारून ओट्याशी उभा होतो. सिंक भरलं होतं, दोन पातेली भरली होती, किमची कालवायचं मोठं प्लास्टिकचं घमेलं भरलं होतं, आणि भिजवलेलं मियोक अजून फुगतच होतं. समुद्रातलं शेवाळ ते. वाळलेलं असताना मूठभर दिसतं. पाकिटावर 'वीस जणांसाठी' असं लिहिलेलं होतं, ते मी नंतर वाचलं.

"एवढं फुगतं हे मला कोणी सांगितलं नाही."

"चौतीस वर्षं वाटी आयती पुढ्यात येत होती. कोण कशाला सांगेल?"

मालजाताई माझ्या बायकोची मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. हातात भाताच्या चिकट लाडवांचा डबा होता. त्यांनी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि तसंच हातात धरून माझ्याकडे वळल्या.

"सार? आज? अहो, पोरीची परीक्षा आहे ना आज!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे वाढदिवसाला मियोकचं सार लागतंच. आई बाळंतपणात ते पिते, म्हणून पोरही दर वर्षी त्या दिवशी पितं. आणि परीक्षेच्या दिवशी त्याला कोणी शिवत नाही. बुळबुळीत असतं, खाल्लं की माणूस घसरतो. त्या दिवशी चिकट खायचं, म्हणजे माणूस चिकटून राहतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. उनसोलचा वाढदिवस माहीत होता. परीक्षेची तारीख तर मीच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. पण दोन्ही एकाच सकाळी येतायत हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. अशा गोष्टी लक्षात ठेवणारी मालसुन होती. ती फेब्रुवारीत गेली.

"मालसुनने आज अंडं-भात दिला असता आणि सार उद्या केलं असतं," मालजाताई म्हणाल्या. "ओता ते सगळं. तिच्यापर्यंत वास जायच्या आत ओता."

मी फडक्याने पातेलं धरलं. तेवढ्यात आतलं दार सरकलं.

"बाबा, कसला वास येतोय?"

उनसोल केस न विंचरता येऊन बसली. बत्तीस पूर्ण झाली आज. पातेल्याकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं आणि हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

"वाढा."

"खाऊ नकोस गं बाई," मालजाताई म्हणाल्या. "हे बघ, मी लाडू आणलेत. दोन खा आणि नीघ."

"मावशी, चार वेळा लाडू खाऊन गेले. काय चिकटलं?"

मी वाटी पुढे ठेवली. तिने चमचाभर घेतलं.

"मीठ कमी आहे."

"घालू?"

"नको. आईचंही कमीच असायचं."

तिने दुसरी वाटी मागितली. मालजाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. "एवढी मोठी झाली तरी ऐकायचं म्हणून नाही," त्या खिडकीला म्हणाल्या. निघताना मात्र त्यांनी लाडवांचा डबा गुपचूप तिच्या पिशवीत कोंबला.

मी बॉयलर दुरुस्त करतो. घराची जमीन गरम ठेवणारे बॉयलर. गुनसानमध्ये एकोणतीस वर्षं हेच काम. माझ्या गाडीत मागे सुटे भाग असतात, ते रस्त्याला खडखडतात. परीक्षेचं केंद्र जोंजूला होतं, तासाभराची वाट. उनसोल नगरपालिकेच्या कारकुनाच्या जागेसाठी बसत होती. ही पाचवी खेप. मधे दोन वर्षं तिने औषधांच्या दुकानात काम केलं, मग मीच ते सोडायला लावलं. म्हटलं, एक गोष्ट धर आणि ती सोडू नकोस.

शहर मागे पडल्यावर मी सुरुवात केली. माझ्याच्याने राहवत नाही.

"गॅसच्या लायसनला मी किती वेळा बसलो होतो?"

"सहा वेळा."

"पाच वेळा काय झालं?"

"नापास."

"मग मी काय केलं?"

"बाबा, समोर बघून चालवा."

"मी समोरच बघतोय. सांगतोय एवढंच, की सहाव्यांदा माझा हात थरथरत नव्हता. का? कारण मी ठरवलं होतं. माणसाने ठरवलं की..."

"गेल्या वर्षी मी पेपर दिलाच नाही."

मला वाटलं खडखडाटात मी चुकीचं ऐकलं.

"काय नाही?"

"पेपर. दिला नाही. आईने पुढच्या फाटकाशी सोडलं. मी आत गेले, माझा नंबर लावलेलं बाक पाहिलं आणि मागच्या फाटकाने बाहेर आले. तर आई तिथे उभी. तिला कसं कळलं माहीत नाही. मी विचारलंही नाही."

मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नुकतीच लावणी झालेली शेतं होती, पाण्याने भरलेली. इंजिन चालूच राहिलं.

"एक वर्ष," मी म्हणालो. "एक वर्ष तुम्ही दोघींनी मला..."

"तुम्हाला काय सांगणार? तुम्ही सहा वेळांची गोष्ट सांगितली असती."

मागून ट्रकने हॉर्न दिला. मी हात करून त्याला जाऊ दिलं.

"मग? कुठे गेलात?"

"गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात. आई म्हणाली, चल, पाठ चोळून देते. दुपारपर्यंत गरम पाण्यात बसलो. तिथून दुकानात काळ्या सॉसमधल्या शेवया खायला गेलो. माझ्यातल्या अर्ध्या तिनेच खाल्ल्या."

"काही बोलली नाही?"

"म्हणाली, तुझ्या बाबांना शेवयांचं सांगू नकोस, मला सोडून खाल्ल्या म्हणतील."

ती संध्याकाळ मला आठवली. दोघी लालबुंद चेहऱ्याने घरी आल्या होत्या. मला वाटलं रडल्यात. पेपर अवघड गेला असेल. जेवताना मी बराच वेळ बोललो, जिद्द, ध्येय, सगळं. मालसुन मधेच पाणी आणायला उठली होती. पाण्याचा जग टेबलावरच होता.

"आज काय करणार?" मी विचारलं.

"माहीत नाही."

मी गाडी परत रस्त्यावर घेतली. जोंजू येईपर्यंत बोललो नाही. उनसोलने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटत नाहीये असं तिला वाटलं असावं. खरं तर माझ्या तोंडात शब्द येत होते आणि मी ते गिळत होतो. जा म्हणायचं होतं. एवढं केलंस, आता सोडू नकोस, म्हणायचं होतं. गेल्या वर्षी मालसुनला हे सगळं माहीत असताना तिने माझं भाषण ऐकून घेतलं, तेही म्हणायचं होतं, पण ते कोणाला म्हणणार?

शाळेच्या अलीकडे मी गाडी लावली. पोरंपोरी पाण्याच्या बाटल्या घेऊन आत चालली होती. कोणी विशीतली, कोणी चाळिशीच्या घरातली. उनसोल उतरली नाही.

"हे बघ," मी म्हणालो. "जायचं असेल तर जा. नसेल तर नको जाऊ. मी मागच्या फाटकाशी थांबतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याच कोणाच्या गाडीत बसली आहे.

"आणि पुढून बाहेर आले तर?"

"तर धावत येईन."

"गुडघे बघा आधी," ती म्हणाली आणि उतरली. फाटकातून आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मागचं फाटक म्हणजे एक लोखंडी दार होतं, बाजूला कचऱ्याचे डबे. आत खुर्ची टाकून एक म्हातारा पहारेकरी बसला होता. मला येरझाऱ्या घालताना पाहून त्याने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी. पाचवी खेप."

"माझा पुतण्या नऊ वेळा बसला."

"मग? लागला?"

"कोंबडी तळायचं दुकान टाकलंय. बरं चाललंय. चार किलो वाढलाय." त्याने घड्याळ पाहिलं. "नऊ वीसला हे बंद करणार. नंतर आत नाही, बाहेर नाही."

नऊ दहा झाले. शाळेची मागची पायरी रिकामी होती. नऊ बाराला दार उघडलं आणि मी पुढे सरकलो. एक पोरगा बाहेर आला, डबे ओलांडून घाईने निघून गेला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिल्यावर त्याला लाज वाटली असती. नऊ पंधरा. माझी काय इच्छा होती ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती बाहेर आली असती तर मी तिला घेऊन कुठे गेलो असतो? बायकांच्या न्हाणीघरात मला कोण जाऊ देणार? तिची पाठ कोण चोळणार? एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या हातात नव्हती. मी शेवयांचं दुकान तरी शोधून ठेवावं म्हणून रस्त्याकडे दोन पावलं गेलो, आणि तेवढ्यात ती आली तर, म्हणून परत आलो.

नऊ वीसला म्हाताऱ्याने कडी लावली.

"आत आहे तुमची," तो म्हणाला. "आता बसा निवांत."

मी बसलो नाही. शाळेभोवती पाच फेऱ्या मारल्या. आत बसली म्हणजे लिहीतच असेल असं नाही. बाकावर डोकं टेकूनही बसता येतं. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. वाटत होतं, आपण न बोलल्यामुळे तर ती आत राहिली नाही ना. मी 'जा' म्हटलं नाही ते चांगलं केलं, की मी नवीन तऱ्हेने तिला ढकललं? मालसुन असती तर एका नजरेत सांगितलं असतं.

अकरा चाळीसला घंटा झाली. मी मागच्या बाजूला होतो. म्हाताऱ्याने हातानेच खूण केली, पुढे, पुढे. मी धावलो. शाळेची भिंत संपता संपेना. वाटेत एकदा खांब धरून थांबावं लागलं.

पुढच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा परीक्षा देऊन लोक बाहेर पडत होते आणि घ्यायला आलेल्यांची गर्दी झाली होती. काही बायका उन्हासाठी छत्र्या धरून होत्या. मी सगळ्यात मागे उभा राहिलो, श्वास घेत.

उनसोल शेवटी शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती पायऱ्यांवर थांबली आणि गर्दीत शोधायला लागली. मी हात वर करणार होतो, पण केला नाही. तिची नजर खालून फिरत होती, उभ्या माणसांच्या खांद्यांखालून, छत्र्यांखालून. ती जरा वाकूनच बघत होती. मालसुन माझ्या काखेइतकीच उंच होती. गर्दीत तिला तिथेच शोधावं लागायचं.

एका ठेंगण्या बाईपाशी नजर थांबली. त्या बाईने दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली.

उनसोल क्षणभर तशीच उभी राहिली. मग सरळ झाली, आणि मान वर करून उंच माणसांमध्ये मला शोधू लागली.