मंजूर स्वगत

“भूत कधी दुपारी चार वाजता येतं का, सांग बरं गिरिधर?” मच्छिंद्र आरशात बघत करवादला. राणी तोच करायचा आणि राणीचं भूतही तोच. तोंडाला फासलेला सफेदा घामानं ओघळून हनुवटीवर आला होता. “लोक भिणार न्हाईत, हसतील. मलाच हसू येऊन राह्यलंय.”

“ठाण्याच्या अमीनसाहेबांना इचार,” मी म्हणालो. “रातीची परवानगी त्यांनी दिली न्हाई.”

१३४५ फसलीतली, म्हणजे इंग्रजी १९३६ सालातली गोष्ट. चैत्रात टेंभुर्णीच्या जत्रेला आमच्या जालन्याच्या, म्हणजे मस्तगडातल्या मंडळीचं नाटक होतं. तेव्हा निजामाच्या राज्यात नाटक करायचं तर वही आधी कचेरीत द्यावी लागे. पानोपान मोहोर उठायची, एक नक्कल कचेरीतल्या मुन्शीजींकडे राहायची आणि खेळाच्या वेळी ते पहिल्या रांगेत बसून ओळीवर बोट फिरवत ऐकायचे. मोहोर नसलेलं वाक्य तोंडातून गेलं की खेळ बंद, मंडळी ठाण्यात. त्या खेपेला रात्रीची गर्दी नको म्हणून दिवसाउजेडी करा, असा हुकूम सुटला होता.

मी त्या मंडळीचा प्रॉम्प्टर. एरवी शाळामास्तर. प्रॉम्प्टर नीट वागला तर तो आहे हेच कुणाला कळत नाही आणि चुकला तर सगळे त्याच्या नावानं खडे फोडतात. मी हे काम का करत होतो, देव जाणे. पण विंगेतून माणूस जसा दिसतो, तसा पहिल्या रांगेतल्या शेठजींनाही दिसत नाही. कोण कुठलं वाक्य गिळतो, कुणाचा श्वास कुठं अडतो, हे मला पाठ होतं.

राजा करायचे भालचंद्रराव, माझे दाजी. कापसाच्या जिनात कारकून. अंगानं काडीपैलवान, चारचौघांत तोंड उघडायचे नाहीत. पण तिसऱ्या अंकातलं स्वगत सुरू झालं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. निरपराध राणीला वनात धाडलेला राजा महालात एकटा उभा राहून बोलतो, असा तो प्रवेश. स्वगत म्हणजे तरी काय, कुणीच ऐकत नाही असं धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. दाजी ते नऊ वर्षं बोलत होते. एकदाही अडखळले नव्हते.

नऊ वर्षं म्हणजे उमाआक्का गेल्यापासून. आक्का माझी थोरली बहीण, हीच टेंभुर्णी तिचं सासर. प्लेगाच्या साली घराघरात उंदीर पडायला लागले, तसं सारं गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं. आक्काला गाठ आली होती. दाजी एकटे तिच्यापाशी घरात थांबले आणि त्यांच्या हातचं पाणी पिऊन, त्यांच्या मांडीवर तिनं जीव सोडला, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. त्या एका गोष्टीवर माझी आई जगत होती. “माझी पोर एकटी गेली न्हाई,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. घर विकून जालन्याला आले आणि पुन्हा या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

“रातीला गॅसबत्त्या असल्या का समोरचं काही दिसत न्हाई,” मुकुट घालता घालता दाजी म्हणाले. “आज सगळं दिसून राह्यलंय, गिरिधर.”

“लोकांकडं बघू नका, दाजी. मुन्शीजींच्या टोपीवर नजर ठेवा.”

“लोकांचं न्हाई म्हणत मी.”

ते मारुतीच्या पाराकडे बघत होते. पारापलीकडे चाळीस पावलांवर त्यांचं विकलेलं घर. मला ते तेव्हाच उमगायला हवं होतं. पण घंटा झाली आणि मी वही घेऊन विंगेत बसलो.

दोन अंक बरे गेले. भुताला लोक हसले, ते सोडा. तिसऱ्या अंकात दाजी एकटे पुढे आले आणि स्वगत सुरू झालं. तेवढ्यात समोरच्या त्या घराचं दार उघडलं. घरातली बाई हातात तांब्या घेऊन नाटक बघायला उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दाजी बोलता बोलता थांबले.

“धिक्कार असो या सिंहासनाला,” मी पुढचं वाक्य हळूच सोडलं. त्यांनी ते घेतलं नाही. घरी चहा मागावा, तशा साध्या आवाजात ते बोलायला लागले.

“कडी मीच लावली. बाहेरून. तू आत जित्ती होतीस. ‘दार उघडा, मला तहान लागली’ म्हणून राह्यल्तीस. माझ्या हातात भरलेला तांब्या होता. मला गाठीची भीती वाटली गं. तांब्या ओट्यावर ठेवला अन् शेतात पळालो.”

राजा असा बोलत नाही. खाली बायकांत कुणीतरी हुंदका दिला. लोकांना वाटलं, नाटकच आहे. मुन्शीजींचं बोट मात्र थांबलं होतं. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं घेतलं आणि ते उठायला लागले.

एक क्षण मला वाटलं, नेऊ दे याला. फटके बसू देत. माझी बहीण दाराला हात आपटत मेली आणि हा नऊ वर्षं आमच्या पंगतीला बसला. पण ठाण्यात जबानी झाली असती आणि आमच्या गाड्या जालन्यात पोचायच्या आत ती गोष्ट आईच्या कानावर गेली असती. मी मोठ्यानं म्हणालो, “धिक्कार असो!” दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी वाक्य उचललं. मुन्शीजी खाली बसले.

चौथा अंक चालू असताना मी वहीतलं एक कोरं पान काढलं आणि ते सारं शब्दाला शब्द लिहिलं. पूर्ण वही माझ्याच हातची होती, अक्षर वेगळं दिसायचा प्रश्न नव्हता.

खेळ संपल्यावर मुन्शीजी आत आले. “मास्टरजी, वो कडी और तांब्या मेरी नक्कल में नहीं है.”

“कचेरीत वही देताना एक पान राहून गेलं. चूक माझी हाये,” मी म्हणालो आणि पान पुढे केलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग पिशवीतली मोहोर काढून पानावर दाबली. “पूरे नाटक में यही पन्ना अच्छा है. अब मंजूर है. जैसा लिखा है, वैसाच बोलना. हर खेल में.”

परतीच्या गाडीत दाजी म्हणाले, “गिरिधर...”

“बोलू नका, दाजी.”

घरी आईनं विचारलं, “उमाचं घर पाह्यलंस का रे?”

“पाह्यलं.”

“तिथंच त्यांनी तिला पाणी पाजलं.”

“हो,” मी म्हणालो. या तोंडानं पोरांना खरं बोलायला शिकवत होतो.

आठ दिवसांनी जाफराबादला खेळ होता. तिथंही दिवसा, आणि पहिल्या रांगेत तेच मुन्शीजी, नव्या पानावर बोट ठेवून. दाजी तिसऱ्या अंकात पुढे आले. स्वगत त्या जागेपर्यंत पोचलं आणि थांबलं. स्वतःचंच बोलणं त्यांना आठवेना, का तोंडातून निघेना, मला सांगता येणार नाही.

“कडी मीच लावली,” मी सांगितलं. त्यांनी ते म्हटलं. “बाहेरून. तू आत जित्ती होतीस.” तेही म्हटलं.

पुढची ओळ आक्काची होती. दाजींचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्यांनी विंगेकडे मान वळवली. मुन्शीजींचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं.

“दार उघडा,” मी म्हणालो, “मला तहान लागली.”

दाजी माझ्याकडे बघत राहिले. प्रॉम्प्टरचा आवाज लोकांत जाऊ नये, हा पहिला नियम. मी तो मोडला, आणि पहिल्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तरी पुन्हा म्हणालो,

“दार उघडा. मला तहान लागली.”