एकच मिठाचा डबा

कप्तानांना सगळे कप्तान म्हणत, पण हा हुद्दा त्यांना कुणी दिला नव्हता. गृहस्थांनी आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं. लोकांच्या नाकावर काचा बसवता बसवता साठी उलटली, मग एक दिवस दुकान मुलाच्या हवाली केलं आणि पाण्याकाठी एक बैठं घर घेतलं. घेतलं ते घेतलं, त्याच झटक्यात एक शिडाची होडीही घेतली. घर बायकोसाठी आणि होडी स्वतःसाठी, असं निदान सांगताना तरी सांगितलं होतं.

बायको म्हणजे बाई. त्यांनी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आख्खी वस्ती त्यांना बाई म्हणे आणि वस्तीचं ऐकून ऐकून कप्तानही तेच म्हणायला लागले. होडीला चांगलं नाव होतं, रंगवून घेतलेलं, पण बाईंनी ते कधी तोंडातून काढलं नाही. बऱ्या मूडमध्ये असल्या की त्या होडीला "तुमची ती" म्हणत. चिडल्या की सरळ "माझी सवत".

व्हरांड्यातून उतरलं की वाळू, वाळू संपली की लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या टोकाला होडी. घरातून हाक मारली तर होडीत ऐकू जाईल इतकं जवळ. म्हणूनच बाईंनी पहिल्या दिवशी फर्मान काढलं होतं, "हे बघा, संसार एक, तर वस्तूही एक. इथे एक कुकर आणि तिथे एक कुकर, हे असले थेर मला चालायचे नाहीत. जे लागेल ते टोपलीत घाला, न्या, आणि परत आणा."

ऐकायला किती सोपं! पण त्या टोपलीने दोघांच्या नाकी नऊ आणले. किटली होडीवर असली की चहापत्ती घरात. कप्तान घरी झोपायला आले की त्यांची उशी होडीवर. एकदा तर दाढी अर्धी झाल्यावर पातं बोथट निघालं आणि नवं पातं होडीत, म्हणून गालाला अर्धा फेस लावून हा माणूस भर सकाळी धक्क्यावरून पळत गेला. शेजारची पोरं हसली. कप्तानांनी त्यांना हात केला, जणू रोजचाच कार्यक्रम. आणि होताच की रोजचा!

बरं, वस्तूंचं एक वेळ सोडा, माणसाचं मन तरी एका जागी असावं? घरात असले की कप्तानांना वाटे, होडीचा दोर सैल झाला असेल. होडीत असले की वाटे, घराचं छप्पर गळत असेल. जेवायला बसले की घास हातात आणि डोळे खिडकीबाहेर.

"अहो, पळून नाही जात ती," बाई म्हणत. "भात मात्र गार होतोय."

हे असंच चाललं असतं, पण एक दिवस कुकर घेऊन होडीवरून परत येताना धक्क्यावर बाईंचा पाय घसरला. बाई आपटल्या, गुडघा सोलला, आणि कुकरचं झाकण गडगडत पाण्यात गेलं. आता इथे कप्तानांनी काय करावं? त्यांनी आधी झाकणासाठी पाण्यात उडी मारली! झाकण डोक्यावर धरून विजयी मुद्रेने वर आले, तर बाई आपल्या आपण उठून, लंगडत, घरात गेल्या होत्या. त्या दिवशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कप्तानांना वाटलं, गुडघा दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. हा मेव्हणा घरं-जागांची दलाली करी आणि समोरच्याचं घर बघताना मनातल्या मनात त्याची जाहिरात लिहीत असे.

"ताई, घराला गिऱ्हाईक आहे, होडीलाही आहे," तो बसता बसताच म्हणाला. "तू फक्त बोट दाखव."

"दोन्हीकडचं आता माझ्याच्याने होत नाही," बाई म्हणाल्या. बाई त्यांच्याकडे वळल्या. "पण आंधळा निकाल मी देत नाही. परीक्षा घेते. रविवारी आपण चौघं होडीवर जेवायला जाऊ, हा, याची बायको, तुम्ही आणि मी. तयारी सगळी तुमची. मी कशाला हात लावणार नाही, काही आठवण करून देणार नाही. लागणारी एकही वस्तू घरी राहिली नाही, तर तुमची ती राहील. एक जरी राहिली, तर सोमवारी हा गिऱ्हाईक घेऊन येईल. कबूल?"

"कबूल," कप्तान म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय!

रविवारपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ती होडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आयुष्यभर चार भिंतींच्या दुकानात बसून लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच लांबवर बघायला मिळालं होतं. ते असं हातचं जाऊ द्यायचं? छे! रविवारी सकाळी त्यांनी घर अक्षरशः धुऊन नेलं. चूल, कुकर, ताटं, वाट्या, सुरी, ताटं पुसायचं फडकं, उशा, चटया, काडेपेटी, बाईंचा चष्मा, बाईंचा स्वेटर, बाईंचा फोन, अगदी भिंतीवरचं घड्याळसुद्धा. टोपली पुरेना, म्हणून चादरीत गाठोडी बांधली. बाई दारात उभ्या राहून हाताची घडी घालून बघत होत्या. घरात फक्त भिंती आणि पलंग तेवढे राहिले.

निघायचं ते भरतीच्या पाण्यावरच. पाणी एकदा उतरलं की धक्क्याभोवती नुसता चिखल, मग पुन्हा संध्याकाळच्या भरतीशिवाय ना जाता येत, ना येता. त्यामुळे कप्तानांची घाई चाललेली. मेव्हणा आणि त्याची बायको येऊन बसली. बाईही चढल्या. होडी धक्का सोडताना त्यांना भोवळ येई, म्हणून त्यांचा एक रिवाज होता. आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढून घ्यायचा, डोळे मिटून पडायचं, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा कप्तानांनी "बरं वाटतंय का?" विचारलं होतं, तर पुढचे दोन दिवस त्याचं उत्तर ऐकत होते.

कप्तानांनी इंजिन सुरू केलं, सगळ्या गाठोड्यांवरून शेवटची नजर फिरवली, आतल्या खोलीचा पडदा ओढलेला बघितला आणि दोर सोडला.

थोडं पुढे गेल्यावर मेव्हण्याची बायको म्हणाली, "भाऊजी, धक्क्यावरून कुणीतरी हात करतंय. हातात काहीतरी हलवतायत."

तिला लांबचं नीट दिसत नसे. कप्तानांनीच तिला चष्मा करून दिला होता, पण तोंडाची शोभा जाते म्हणून ती तो घालत नसे. कप्तानांची नजर पुढच्या उथळ पाण्यावर खिळलेली. इंजिनाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं.

"शेजारीण असेल. फार प्रेमळ बाई आहे. तुम्हीही करा हात."

मग तिने हात केला. मेव्हण्यानेही मागे वळून न बघता रुमाल हलवला. धक्क्यावरची व्यक्ती आणखी जोराने हात करायला लागली, तशी हे दोघेही आणखी जोराने करायला लागले.

समोरच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला आणि इंजिन बंद झालं. काय ती शांतता! कप्तान पडद्याशी गेले आणि हळूच म्हणाले, "अगं, पोचलो. आता बोललं तरी चालेल."

आतून काही उत्तर नाही.

"झोपलीय," ते कुजबुजले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा झोपलीय होडीवर!" त्यांचा आनंद गगनात मावेना. मेव्हण्याला त्यांनी ओठांवर बोट ठेवून दटावलं. मग पुढचा तासभर तिघंही चोरांसारखी वावरली. चूल आवाज न करता पेटवली. भात झाला, मासे तळले. कुकरची शिट्टी होणार म्हणताच कप्तानांनी झटकन फडकं टाकून ती दाबली आणि हात भाजून घेतला, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मेव्हण्याने एकेक वस्तू मागून पाहिली आणि कप्तानांनी एकेक काढून दिली. काकडी चिरायला सुरी? हजर. पुसायला फडकं? हजर. वेळ किती झाली म्हणत मेव्हण्याने मुद्दाम मनगटावरचं घड्याळ झाकलं, तर कप्तानांनी गाठोड्यातून भिंतीवरचं घड्याळ काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. मेव्हण्याने हात टेकले.

"तुम्ही जिंकलात, भाऊजी," तो कुजबुजला आणि भाताचा घास तोंडात घातला. मग तो चावायचा थांबला. "मीठ?"

कप्तानांनी मासा चाखला, मग काकडी चाखली. टोपली उपसली, गाठोडी सोडली, उशांच्या खालीसुद्धा बघितलं. मीठ नव्हतं.

"चारी बाजूंनी खारं पाणी," मेव्हणा आता कुजबुजायचं विसरून म्हणाला, "आणि ताटात चिमूटभर मीठ नाही! सोमवारी गिऱ्हाईक घेऊन येतो."

"थांब, बाईने कुठेतरी ठेवलं असेल," कप्तान म्हणाले. काय व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी पडदा बाजूला केला.

आत मेव्हण्याच्या बायकोची पर्स होती, तिची छत्री होती, आणि बाईंचा स्वेटर नीट घडी घालून ठेवला होता.

"पडदा मी ओढला होता," मेव्हण्याची बायको म्हणाली. "पर्सवर ऊन येत होतं. पण वन्सं कुठायत?"

मेव्हण्याने घाईघाईने बहिणीला फोन लावला. फोन वाजला. टोपलीत, ताटांच्या खाली, खणखणीत वाजला.

कप्तानांनी वाजणारा फोन ताटांखालून काढला. धक्क्यावर हात कोण करत होतं आणि हातात काय हलवत होतं, हे त्यांना आत्ता दिसलं. ज्या बाईंनी उभ्या हयातीत एका पोराला शेजाऱ्याच्या वहीत डोकावू दिलं नाही, त्यांना टोपलीत मिठाचा डबा दिसला नाही, आणि त्या गुपचूप तो आणायला घरी गेल्या होत्या. आपल्या परीक्षेचा पेपर आपणच फोडायला. का? तर नवऱ्याची होडी जाऊ नये म्हणून!

"परत फिरवा," मेव्हण्याची बायको म्हणाली.

"फिरवून कुठे जाणार? तिथे आता चिखल आहे," कप्तान म्हणाले. "आणि तिच्यासाठी घरात चहाचा कपसुद्धा ठेवला नाही मी. घड्याळही आणलं."

मासे कुणी खाल्ले नाहीत. संध्याकाळची भरती लागेपर्यंत कप्तान होडीच्या टोकाला, आपल्या घराकडे तोंड करून बसून राहिले. सवत म्हणायची ती, आणि आपण हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मेव्हणा शेजारी येऊन बसला तरी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाणी चढलं तेव्हा बाई धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसल्या होत्या. मांडीवर मिठाचा डबा होता.

"ताई, निकाल स्पष्ट आहे," मेव्हणा दोर टाकायच्या आधीच ओरडला. "मीठ राहिलं!"

"कुठे राहिलं? वेळेवर धक्क्यावर हजर होतं. तुमची होडीच थांबली नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू गप्प बस. मला रुमाल दाखवत होतास ना? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या. घरात मीठ सोडून खायला काही नव्हतं."

कप्तान पुढे आले. "विकून टाकू," ते म्हणाले. "खरंच विकू. सगळ्या वस्तू दोन-दोनदा मोजल्या मी. तुला एकदाही मोजलं नाही. बाकी सगळं हरवतं, अगं. तू कधी हरवली नाहीस, त्यामुळे..."

बाईंनी मांडीवरचा डबा उचलून हातात घेतला.

"झाकणासाठी उडी मारलीत, तेव्हाही हेच?"

"तेव्हाही हेच."

"मूर्ख आहात."

"आहे."

"उद्या बाजारात जायचं," बाई म्हणाल्या. "दुसरा कुकर, दुसरी किटली, दुसरी उशी, दुसरा मिठाचा डबा. काय लागेल ते दोन्हीकडे ठेवायचं. ती टोपली मोडीत काढा."

कप्तानांनी विचारलं, "मग इकडून तिकडे न्यायचं काय?"

"मला," बाई म्हणाल्या. "मी एकच आहे. आता चढवून घ्या, गुडघा दुखतोय माझा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, एक डब्यासकट, एक रिकामा. कप्तानांचा हात सवयीने डब्याकडे गेला. बाईंनी डोळे वटारले. कप्तानांनी डबा तसाच राहू दिला, बाईंना नीट धरून होडीवर घेतलं आणि मग आत जाऊन गार झालेले मासे त्यांच्यासाठी पुन्हा चुलीवर ठेवले.