गुरुवारचा लाल झंपर

मी एक जुना लाल झंपर आहे. लांब बाह्यांचा, पांढऱ्या कॉलरीचा. मित्रांनो, आमच्या झिंबाब्वेच्या खडकाळ टेकड्यांत असा झंपर कुठल्याच दुकानात टांगलेला दिसत नाही. तो मिळवावा लागतो.

गुरुवार हा चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा वार. त्या दिवशी त्या कुदळी टाकून प्रार्थनेला जमतात. जिने आपलं सगळं मन प्रभूला दिलं, असं मंडळीला पटलं, तिनेच लाल झंपर घालायचा. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरी कॉलर म्हणजे शुद्धता, खालचा काळा घागरा म्हणजे आपलं पाप. बाई मेली की तिला ह्याच कपड्यांत पुरतात.

शुवाईने मला मिळवायला फार वाट पाहिली. आजाऱ्यांची अंथरुणं धुतली, म्हाताऱ्यांना सरपण नेऊन टाकलं, परक्यांची प्रेतं न्हाऊ घातली. मग मिशनच्या ओट्यावर पायमशीन चालवणाऱ्या विधवेने मला शिवलं. शिवताना म्हणाली, “काखेत सैल ठेवते गं. तू हात वर करकरून गाणारी. पहिल्याच गुरुवारी उसवलास तर मला शिव्या घालशील.”

पाळकांच्या बायकोने मला तिच्या अंगात घातलं तेव्हा शुवाई गुडघ्यांवर होती. तिचं काळीज आतून माझ्या बटणांना ढुशा देत होतं. घरी आल्यावर ती आपल्या लेकीला, नेत्साईला म्हणाली, “मला ह्यातच पुरायचं. पेटी नसली तरी चालेल, हा अंगात हवा.”

नेत्साई हसली. “आई, आजच घातलास, आणि आजच मरायला निघालीस?”

पुढची वर्षं माझ्या सुखाची. शुवाई मला स्वतःच्या हाताने धुवायची, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची, काटेरी कुंपणावर कधी वाळत घालायची नाही. माझे नियम होते. मला घालून चूल फुंकायची नाही, भांडायचं नाही, दारूच्या जागी पाऊल टाकायचं नाही. शुवाईने सगळे पाळले. बायकांची पुढारीण माई मुकारो नव्या मुलींना सांगायची, “झंपर कसा वागवावा ते शुवाईकडून शिका.” मी फुगून जायचो. कापडच ते. स्तुतीने फुगणारच.

एका गुरुवारी प्रार्थना आटोपून बायका गात परतत होत्या. वाटेत दुकानांपाशी बिअरचा गुत्ता लागतो. तिथून एक माणूस धावत आला. “अहो मावश्यांनो! रेवाई अडलीय! मागच्या खोलीत मरायला टेकलीय पोरगी!”

रेवाई गुत्त्यात पेले भरायची. तिच्या पोटातल्या बाळाचा बाप गावातच उजळ माथ्याने हिंडत होता.

लाल रांग कुंपणाशी थांबली. आतून किंकाळी आली. माई मुकारो म्हणाली, “कुणी आत जायचं नाही. अंगावर झंपर आहेत. आधी घरी जाऊन बदलून या.”

“घर नदीपलीकडे आहे, माई,” शुवाई म्हणाली. “बाळ थांबेल का तोवर?”

“नेत्साईच्या आई, मला शिकवू नकोस. आपण शपथ घेतलीय.”

“मीही तीच घेतलीय.”

“मग इथे काढ आणि जा!”

कुंपणावर बसलेला एक दारुडा खिदळला. “हो मावशी, काढा की! आम्ही डोळे मिटतो!”

शुवाईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मला अंगात घालूनच आत गेली. तिच्यामागे एकही बाई आली नाही. बाहेर त्यांनी गाणं पुन्हा सुरू केलं. मोठ्याने. किंकाळी ऐकू येऊ नये म्हणून.

जमिनीवर सांडलेली बिअर, कोपऱ्यात पोती, पोत्यांवर रेवाई. बाळ आलं, जिवंत आलं. रेवाईचं रक्त मात्र थांबेना. शुवाईने मला अंगातून काढलं, माझा बोळा केला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. मला पिता आलं तेवढं रक्त मी प्यायलो. बैलगाडी येईपर्यंत पोरगी गार झाली. बाळाला तिचे मामा घेऊन गेले. पुढे त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, रक्ताची खूण म्हणून मला लाल रंगवलं होतं. खरं रक्त लागलं, आणि मी विटाळलो.

मंडळीची सभा बसली. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता. ते म्हणाले, “शुवाई, चुकले म्हण. विषय संपला.”

“पाळकसाहेब, माझी पापं पुष्कळ आहेत,” ती म्हणाली. “रताळी चोरणाऱ्या शेजारणीला मी मनात शिव्या देते. ते पाप लिहून घ्या. पण जे पापच नाही, ते कुठून आणू?”

कुणीतरी हसलं. माई मुकारोने मान वळवताच ते हसू विझलं. ठरलं असं, की शुवाई चूक कबूल करेपर्यंत झंपर बंद, प्रभुभोजन बंद, मागचा बाक. मी पत्र्याच्या ट्रंकेत गेलो.

तुम्हाला वाटेल, एखादी तरी बाई उठली असेल. नाही उठली. ज्यांच्या आयांची प्रेतं शुवाईने न्हाऊ घातली होती, त्याही मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. मागच्या दाराने मात्र सगळ्या यायच्या. “शुवाई, पोराचा ताप उतरत नाही, जरा प्रार्थना कर गं.” ती करायची. रविवारी त्याच बाया तिला ओळख दाखवत नसत. गुरुवारी ती फाटक्या पातळ झग्यात प्रार्थनाघराच्या खिडकीबाहेर उभी राहून गायची. एके दिवशी आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

अशीच ती म्हातारी झाली. जून महिन्यात, आमच्याकडच्या ऐन थंडीत, छाती भरून अंथरुणाला खिळली. मी ट्रंकेत होतो, पण पत्र्यातून सगळं ऐकू येतं.

पाळकसाहेब आले. “दोनच शब्द बोल, शुवाई. लाल झंपरात पुरू तुला. मी स्वतः प्रार्थना म्हणेन.”

तिने भिंतीकडे कूस वळवली. ते गेल्यावर नेत्साई रडायला लागली. “आई, किती हट्टी आहेस गं! तुला हवा होता ना तो झंपर? म्हणून टाक. खोटं म्हणतेयस हे देवाला कळेलच की.”

“त्याला कळेल,” शुवाई म्हणाली, “म्हणूनच म्हणवत नाही.” मग बराच वेळ खोकला. मग अगदी हळू आवाजात, “हवा तर होता गं. अजून हवाय.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला न्हाऊ घालायला एकही लाल झंपर पुढे आला नाही. एकट्या नेत्साईने घातलं. मग तिने ट्रंक उघडून मला बाहेर काढलं, आईचा एक हात माझ्या बाहीत घातलासुद्धा. तेवढ्यात माई मुकारो दारात येऊन बसली. आता तीही म्हातारी, काठी टेकत आलेली.

“नेत्साई, काढ तो. झंपर मंडळीचा आहे.”

“माई, पाया पडते. मातीतच जाणार आहे ना?”

“तुला तुझा झंपर मिळायचाय की नाही अजून?”

नेत्साईने बराच वेळ आईकडे पाहिलं. मग बाही ओढून काढली. तो हात पुन्हा चटईवर ठेवला गेला तेव्हाचा आवाज मी विसरलेलो नाही.

शुवाई करड्या घोंगडीत गेली. मी घडी होऊन माई मुकारोच्या पिशवीत, कबरीच्या काठावर. बायका फार सुंदर गायल्या.

आता मला माई मुकारोची सून घालते. डाग दिसत नाहीत, रंगच तसा आहे. दर गुरुवारी ती मला अंगावर घेऊन सगळं मन प्रभूला देते आणि तिन्हीसांजेला परत घरी आणते. इस्त्री माझी कडक असते. नेत्साईलाही तिचा झंपर मिळाला. ती मागच्या रांगेत बसते आणि गात नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे सगळे शेवटी मागतात, ‘आम्हाला जपा.’ मला जपू नका. फार जपलंत. कुणी रक्तात पडलेलं दिसलं तर मला फाडा, बोळा करा, दाबून धरा. तुम्ही धराल, अशी आशा मला नाही. त्या कुंपणाशी किती झंपर उभे होते, मी पाहिलंय.

जून आला की मात्र मला करमत नाही. टेकडीवर दव पडतं, ती घोंगडी पातळ होती, आणि शुवाईला थंडी वाजत असेल असं वाटत राहतं. कापडाला दुसरं काय सुचणार?