साहेब धावले

कुत्रा आणायचा हे ठरलं तेव्हा घरात तिघांची तीन मतं होती. लेकीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. तिचे बाबा शहरात बस चालवायचे; त्यांना असा अल्सेशियन हवा होता, की तो दारात बसला की लोकांनी लांबूनच नमस्कार करावा. आणि आईला, तिच्याच शब्दांत, "न भुंकणारा, केस न गाळणारा आणि शक्यतो कुत्रा नसलेला" कुत्रा हवा होता.

आई फिजिओथेरपिस्ट. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना पुन्हा चालायला शिकवायची. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची एक बाजू लुळी पडलेली. संध्याकाळी घरी आल्यावर आणखी कुणाला धरायचं, उठवायचं, सावरायचं तिच्या जिवावर येई. बाबा पहाटे बस काढायचे, दुपारी थोडा वेळ घरी टेकायचे आणि पुन्हा संध्याकाळच्या फेरीला पळायचे. लेकीची शाळा, वर क्लास. घराला माणसांपेक्षा कुलूपच जास्त.

शेवटी प्रकरण मावशीकडे गेलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भाचीपासून सुरुवात केली.

"हस्कीला रोज दमेपर्यंत पळवायला कोण नेणार? तू? सकाळी तुला उठवायला दोन माणसं लागतात. त्याला कोंडून ठेवलंत तर आधी उशा खाईल, मग सोफा." मग ती बाबांकडे वळली. "आणि अल्सेशियनला सतत काम लागतं. रिकामा ठेवलात की तो स्वतःचं डोकं चालवतो, ते तुम्हाला झेपायचं नाही. पिल्लू तर नकोच नको, त्याच्याजवळ दिवसभर माणूस हवं."

"मग राहिलं काय?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला झोपाळू कुत्रा हवा. मोठ्या वयाचा. ग्रेहाउंड घ्या."

बाबा हसायलाच लागले. "ताई, तो शर्यतीतला ना? फिरकी घेताय होय आमची?"

"अहो, शर्यत सोडली तर इतकं आळशी जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही. दुपारी तुम्ही एक चक्कर मारून आणा, सकाळ-संध्याकाळ या दोघी नेतील. बाकी वेळ तो लोळेल."

शर्यतीतून काढलेल्या कुत्र्यांना सांभाळणारी एक बाई गावाबाहेर राहायची. तिच्याकडे गेल्यावर सगळे कुत्रे जाळीशी आले. एकटा राखाडी कुत्रा कोपऱ्यात पडल्या पडल्या एक डोळा उघडून बघत होता.

"शर्यतीत वळणावर त्याचा मागचा पाय मोडला," ती बाई म्हणाली. "जुळलाय, पण पळत नाही आता. इथे आल्यापासून एकदाही पळाला नाही."

आई जाळीच्या आत जाऊन त्याच्याशेजारी बसली आणि तिचे हात आपसूक त्या पायाकडे गेले. हाडावरचा उंचवटा लागला. मांडी दुसऱ्या पायापेक्षा चांगलीच बारीक होती. "हा पाय काही आता पळण्यातला नाही," ती जाणकाराच्या सुरात म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिच्या हिशेबात ती जमेची बाजू होती. कुत्र्याने आपली लांबलचक हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"घ्या मग," ती पुटपुटली. "जड आहे पण."

घरी आल्यावर त्याने सोफा ताब्यात घेतला. चारही पाय छताकडे करून झोपायचा. बाबा दुपारी आले की दारातूनच विचारायचे, "साहेब उठले का?" तेच नाव पडलं. साहेब पोस्टमनवर भुंकत नसत, बेल वाजली तर कूस बदलत. झोपेत मात्र कधीकधी त्यांचे पाय थडथडायचे.

"आई, बघ ना, पळतोय!" लेक म्हणायची.

"स्वप्नात सगळेच पळतात गं. माझे पेशंटसुद्धा."

एका रविवारी सकाळी तिघं त्याला घेऊन एका कुंपण घातलेल्या मैदानावर गेले. फाटक लावून घेतलं आणि लेकीने पट्टा सोडला. साहेबांनी गवत हुंगलं, जांभई दिली. तेवढ्यात वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी गवतावरून सरपटत नेली.

काय झालं ते आईला आधी कळलंच नाही. कुत्रा शेजारी होता आणि मग नव्हता.

तो मैदानाच्या मध्यावर होता. त्याची पाठ कमानीसारखी वाकत होती, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येत होते, आणि मग ते सगळं शरीर उलगडून एक लांब रेघ होत होतं. वाकताना चारही पाय जमिनीपासून सुटलेले, उलगडतानाही सुटलेले. जमिनीला तो जणू आठवण म्हणून शिवत होता. पिशवी केव्हाच मागे पडली. ती आता त्याला नकोच होती. कुंपणाच्या कडेने वळून तो त्यांच्या अगदी जवळून गेला, तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज आला आणि वाऱ्याचा झोत तोंडावर बसला.

आईला प्रत्येक स्नायूचं नाव पाठ होतं. त्यातलं एकही आठवेना. हा पाय पळण्यातला नाही, असं तिनेच सांगितलं होतं. पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला होता. लेकीच्या हातात पट्टा तसाच लोंबत होता.

"एवढी वर्षं गाडी चालवतोय," बाबा हळूच म्हणाले, "वेग म्हणजे काय ते आत्ता बघतोय."

मग तो थांबला. भात्यासारख्या बरगड्या हलवत, जीभ लोंबवत आला आणि त्यांच्या पायाशी आडवा झाला. आई गुडघ्यांवर बसली. पाय गरम लागत होता. उठल्यावर तो किंचित लंगडला.

संध्याकाळी मावशीने येऊन तपासलं. "मोडलं नाहीये काही. आराम दे. पण पुन्हा पळाला तर पुन्हा मोडू शकतं, हेही ऐकून ठेव. पट्ट्यातच ठेवलंस तर सुखाने म्हातारा होईल. तू ठरव."

लेक आईकडे बघत राहिली. बाबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. दिवसभर पेशंटांना 'जपून, जपून' म्हणणारी आई बराच वेळ साहेबांच्या कानामागे खाजवत बसली.

"सोडायचं त्याला," ती शेवटी म्हणाली. "त्याला ते येतं, ताई. पण आधी या मांडीत ताकद आणते."

त्या दिवसापासून हॉस्पिटलातून आली की ती पर्स टाकून जमिनीवर बसायची. फरशीवर झाडू आडवे मांडून साहेबांना त्यांवरून सावकाश पाय उचलायला लावायची. साहेब तोंड वाकडं करून ते करत. बाबा म्हणायचे, "एक ड्युटी सुटली, दुसरी लागली!" पण झाडू तेच मांडून ठेवत.

लंगडणं गेलं, मांडी भरली. मग एका सकाळी पुन्हा ते मैदान, पुन्हा पट्टा सुटला. या खेपेला काय होणार ते तिघांनाही ठाऊक होतं. तरी तो सुटला तेव्हा आईने नकळत बाबांचा दंड घट्ट पकडला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात एका सहकारी बाईने सहज विचारलं, "मग, काय म्हणतोय तुमचा आळशी कुत्रा? पळतो का कधी?"

आईने सांगायला तोंड उघडलं. दोन्ही हात फाकवले, जवळ आणले, पुन्हा फाकवले. मग हात खाली सोडून ती हसली.

"ये ना रविवारी," ती म्हणाली.